एकच माप : सुभद्राकुमारी चौहान यांचे आयुष्य वाचण्यापूर्वी

मराठी वाचकाला सुभद्राकुमारी चौहान हे नाव बहुधा एका कवितेमुळे ठाऊक असते. झाशीच्या राणीवरची त्यांची हिंदी कविता हिंदीच्या तासाला कानांवर पडलेली असते आणि तिची लय पुढे आयुष्यभर विसरत नाही. राणी तर आपलीच, मोरोपंत तांब्यांची मनू. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी तिचे मराठी चरित्र 1894 मध्ये लिहिले. विष्णुभट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या झाशीची हकिकत 'माझा प्रवास' या नावाने 1907 मध्ये छापून आली. तरीही या राणीला देशभरच्या मुलांच्या ओठांवर नेऊन बसवले ते प्रयागच्या निहालपुरात जन्मलेल्या आणि जबलपुरात संसार केलेल्या एका बाईने. आपण कविता घेतली आणि कवयित्री तिथेच राहून गेली.

या कवयित्रीचे आयुष्य तिच्या सर्वांत गाजलेल्या कवितेपेक्षाही मोठे आहे, असे माझे मत आहे. पंधराव्या वर्षी लग्न, पाच मुले, तुटपुंज्या पैशात चालवलेले घर, तुरुंगवास, विधानसभेचे सदस्यत्व, शहरातल्या गोरगरीब बायकांची संगत, आणि या सगळ्यात दोन कवितासंग्रह व तीन कथासंग्रह. हे सारे त्रेचाळीस वर्षांत झाले. पुढची पाने या आयुष्याविषयी आहेत. ती उघडण्यापूर्वी हे आयुष्य मराठी माणसाने का वाचावे आणि कसे वाचावे, एवढे सांगणे हे माझे काम.

आधी जबलपूरविषयी. नर्मदेकाठचे हे शहर आपल्याला वाटते तितके परके नाही. 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमदानीत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिली, आणि 1956 मध्ये राज्ये नव्याने आखली जाईपर्यंत जबलपूरकरांची राजधानी नागपूरच होती. शिवनीवरून जाणारा नागपूरचा रस्ता वकिलांच्या, पुढाऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या पायाखालचा. नोकरीच्या निमित्ताने इथे आलेली मराठी घरे इथेच रुजली. दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी 1871 मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे याच भागातले. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणणारे आणि हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत गणले जाणारे हे मराठी गृहस्थ. त्यांच्या पुढाकाराने 1920 मध्ये जबलपुरात 'कर्मवीर' हे पत्र निघाले आणि माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक झाले. सुभद्राकुमारींचे यजमान लक्ष्मणसिंह चौहान 'कर्मवीर'च्या कामासाठी जबलपुरात आले. अशा रीतीने एका मराठी माणसाच्या खटपटीतून निघालेल्या पत्रामुळे त्यांचा संसार या शहरात मांडला गेला.

सुभद्राकुमारींचा जन्म 16 ऑगस्ट 1904 चा. वडील ठाकूर रामनाथसिंह. नऊ वर्षांच्या असताना, 1913 मध्ये, त्यांची कडुनिंबावरची कविता प्रयागच्या 'मर्यादा' मासिकात छापून आली. शिक्षण प्रयागच्या क्रॉस्थवेट शाळेत झाले. तिथे त्यांच्याहून दोन इयत्ता खाली एक बुजरी मुलगी होती. ती गणिताच्या वहीत चोरून कविता लिहायची. सुभद्राने ती वही शोधून काढली, त्या मुलीचा हात धरला आणि साऱ्या वसतिगृहाला ही कविता करते म्हणून सांगत सुटली. ती मुलगी म्हणजे महादेवी वर्मा. दुसरीच्या गुणाचा डंका स्वतः पिटण्याचा हा स्वभाव सुभद्राकुमारींनी शाळकरी वयात दाखवला आणि पुढे कधी सोडला नाही. या मैत्रीचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, कारण सुभद्राकुमारींच्या घरगुती आयुष्याचे सर्वांत जिवंत चित्र महादेवींनीच 'पथ के साथी' या पुस्तकात काढून ठेवले आहे.

1919 मध्ये खंडव्याच्या लक्ष्मणसिंहांशी लग्न झाले. लक्ष्मणसिंह कायद्याचे विद्यार्थी, नाटककार, राष्ट्रीय वृत्तीचे. राजपूत घरात सुनेने पडदा पाळायचा हे गृहीतच होते. सुभद्राकुमारींनी तो पाळला नाही आणि नवऱ्याने त्यांची बाजू घेतली. असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी शिक्षण सोडले. नवराबायको दोघेही काँग्रेसच्या कामाला लागले. घरोघर जाऊन बायकांशी बोलणे, खादी, स्वदेशी, पडदा सोडण्याचा आग्रह, अशी ती कामे. सभेतले भाषण वर्तमानपत्रात येते. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून चार बायकांना पटवून दिलेली गोष्ट कुठेही छापून येत नाही. सुभद्राकुमारींच्या लोककार्याचा मोठा भाग हा असा न छापला गेलेला आहे.

मग 1923 साल आले. मार्च महिन्यात जबलपूरच्या टाउन हॉलवर तिरंगा लावण्यावरून सरकारशी झगडा झाला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली, धरपकड झाली. जबलपुरात पडलेली ही ठिणगी नागपुरात पोचली आणि 1 मेपासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह उभा राहिला. पुढे त्याची धुरा वल्लभभाई पटेलांनी घेतली आणि ऑगस्टमध्ये तो संपला. झेंडा सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या महिला सत्याग्रही म्हणून सुभद्राकुमारींचे नाव घेतले जाते. तेव्हा त्यांचे वय एकोणीसही पुरे नव्हते. झाशीच्या राणीची कविता लिहिणाऱ्या बाईने पोलिसांची गाडी आतून पाहिली होती, हे ध्यानात ठेवून ती कविता पुन्हा वाचली, तर तिच्यातला आवेश निराळा ऐकू येतो.

इथवरचे चरित्र कोणत्याही कोशात सापडेल. मला वाचकाला थांबवायचे आहे ते त्यानंतरच्या पंचवीस वर्षांपाशी. जबलपूरचे त्यांचे घर अर्धवट बांधलेले, आवार लहान. त्या एवढ्याशा जागेत त्यांनी फुलझाडांचे वाफे केले, भाजी लावली, गाय बांधली. महादेवी पाहुण्या आल्या की हिंदीतल्या या दोन नामवंत कवयित्री शेणाने अंगण सारवायला बसत, आणि कुणाचे सारवण चांगले याचा निवाडा तिसऱ्याकडून करून घेत. ही केवळ गंमत म्हणून वाचू नये. ज्या बाईच्या 'मुकुल' या कवितासंग्रहाला आणि 'बिखरे मोती' या कथासंग्रहाला हिंदी साहित्य संमेलनाचा सेकसरिया पुरस्कार मिळाला होता, तिला शेणाचे हात लेखणीच्या हातांहून हलके वाटत नव्हते. घरकाम हे प्रतिभेच्या आड येणारे संकट आहे असे गाऱ्हाणे तिने मांडले नाही, आणि घरकामातच बाईची इतिकर्तव्यता आहे असेही ती कधी म्हणाली नाही. आपल्याकडे या दोन भूमिकांपैकी एक निवडल्याशिवाय बाईच्या आयुष्याविषयी बोलताच येत नाही असा समज आहे. सुभद्राकुमारींचे आयुष्य तो समज मोडते.

कसे मोडते, ते तुरुंगातल्या एका प्रसंगातून दिसते. सत्याग्रहात त्यांना पुन्हा शिक्षा झाली तेव्हा लहानगी मुलगी सोबत होती. मूल भुकेने रडत होते आणि द्यायला काही नव्हते. तुरुंगात इतर कैदी बायका तुरीची डाळ भरडत होत्या. सुभद्राकुमारींनी त्यांच्याकडून थोडी डाळ मागून घेतली, तव्यावर भाजली आणि मुलीला खाऊ घातली. देशासाठी तुरुंगात आलेली प्रतिष्ठित बाई आणि पोटासाठी गुन्हा करून आलेली कैदीण, यांच्यात एरवी मोठे अंतर असे. राजकीय कैद्यांचा वर्ग वेगळा, मान वेगळा. भुकेल्या पोरीने ते अंतर एका ओंजळीत मिटवले.

आणि हा अनुभव त्या विसरल्या नाहीत, हे त्यांच्या 'राही' या कथेवरून कळते. कथेत सत्याग्रही अनिता तुरुंगात राहीला भेटते. राही ज्या जमातीतली आहे तिच्यावर चोरटी म्हणून सरकारी शिक्का आहे. भुकेल्या मुलांसाठी धान्य चोरल्याबद्दल ती शिक्षा भोगते आहे. तिची हकिकत ऐकून अनिताला स्वतःच्या देशभक्तीकडे नव्याने पाहावे लागते. या बाईचे पोट भरण्याची ज्या कामात सोय नाही, ते काम देशसेवा म्हणून मिरवावे का, हा तिचा प्रश्न. 1940 च्या दशकात, स्वातंत्र्य दाराशी आलेले असताना, काँग्रेसच्याच एका कार्यकर्तीने हा प्रश्न कथेतून विचारला. स्वतःच्या पक्षाला, स्वतःच्या वर्गाला आणि सर्वांआधी स्वतःला.

त्यांच्या बहुतेक कथा घरातल्याच आहेत. 'बिखरे मोती' 1932 चा, 'उन्मादिनी' 1934 चा, 'सीधे सादे चित्र' 1947 चा. 'ग्रामीणा' या कथेतली सोना खेड्यात मोकळी वाढलेली. लग्न होऊन ती शहरात येते आणि तिचे साधे हसणे-बोलणेच शेजाऱ्यांच्या कुजबुजीचे कारण होते. संशय वाढत जातो आणि शेवटी तिचा जीव घेतो. 'बिखरे मोती'नंतर एका वर्षाने, 1933 मध्ये, मराठीत विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि केवढे वादळ उठले ते आपल्याला माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या मुलींची घुसमट तिथे आहे, महाकोशलातल्या सुना-लेकींची घुसमट इथे. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी ती शेजारी ठेवून वाचली तर एका पिढीच्या बायकांनी दोन भाषांत एकाच वेळी तोंड उघडले होते असे दिसते. जबलपुरात काही काळ राहिलेले गजानन माधव मुक्तिबोध, म्हणजे मराठी घरातले हिंदी कवी आणि आपले कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले बंधू, यांनीही सुभद्राकुमारींच्या लेखनावर आस्थेने लिहिले आहे.

आता कन्यादानाची गोष्ट. थोरली मुलगी सुधा हिचे लग्न प्रेमचंदांचे चिरंजीव अमृतराय यांच्याशी ठरले. मुलगी राजपूत, मुलगा कायस्थ. जातीबाहेर मुलगी देणे हेच त्या काळी पुष्कळ होते. सुभद्राकुमारी त्यापुढे गेल्या. आपण कन्यादान करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माणसाचे दान करण्याचा अधिकार माणसाला नाही, आणि लग्न झाले म्हणून मुलगी आपली राहणार नाही असेही नाही, हे त्यांचे म्हणणे. आजही आपल्या कार्यालयांतून शिकलेली आईबापे डोळे पुसत कन्यादानाचे उदक सोडतात. हा नकार ऐंशी वर्षे जुना आहे, हे लक्षात आले की आपण कुठे उभे आहोत तेही कळते. यात सभा नव्हती, घोषणा नव्हती. आपल्याच लेकीच्या मांडवात उभे राहून घेतलेली ही भूमिका होती, आणि तशी भूमिका घेणे रस्त्यावर झेंडा धरण्यापेक्षा अवघड असते. रस्त्यावर सरकार समोर असते, मांडवात आपलेच सगेसोयरे.

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेवर त्या दोनदा निवडून गेल्या. नागपूरच्या वाऱ्या वाढल्या, जबाबदारी वाढली. पण त्यांच्या सामाजिक कार्याचा अर्क मला दिसतो तो फेब्रुवारी 1948 मधल्या एका घटनेत. गांधीजींच्या अस्थी नर्मदेत सोडायच्या होत्या. बड्या घरच्या बायका मोटारींतून गेल्या. सुभद्राकुमारी निघाल्या त्या शेकडो हरिजन स्त्रियांबरोबर, कित्येक मैल पायी. नदीवर पोचल्यावर, विसर्जनानंतरच्या सभेच्या कुंपणात या चालत आलेल्या बायकांना जागा नाही असे दिसले. ज्या माणसाने अस्पृश्यतेविरुद्ध देश पालथा घातला, त्याच्याच अस्थिविसर्जनाला ही तऱ्हा. सुभद्राकुमारी आमदार होत्या, नामवंत होत्या, त्यांची खुर्ची राखलेली असणार. पण आपल्याबरोबरच्या बायकांना हक्काची जागा मिळवून दिल्यावरच त्या सभेत जाऊन बसल्या.

त्यानंतर काही दिवसांतच, 15 फेब्रुवारीला, नागपूरहून परतताना शिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. ज्या रस्त्याने जबलपूरचे सार्वजनिक जीवन नागपूरशी जोडलेले होते त्याच रस्त्यावर. वसंतपंचमीचे दिवस होते.

तुरुंगातली डाळ, लेकीचा मांडव, नर्मदेवरची सभा. हे तीन प्रसंग मी मुद्दाम निवडले. एक घरचा, एक समाजाचा, आणि एक या दोहोंच्या मधला. तिन्ही ठिकाणी बाई तीच आहे आणि तिचे मापही तेच आहे. समोरच्या माणसाला कमी लेखायचे नाही, मग ती कैदीण असो, पोटची पोर असो की वस्तीतून चालत आलेली बाई. नोकरी, घर आणि समाजकार्य यांचा तोल सांभाळणारी स्त्री असे कौतुक आपण आज फार करतो. त्या कौतुकात अशी कल्पना दडलेली असते की हे तीन वेगळे भार आहेत आणि शाबासकी आहे ती सगळे एकटीने उचलण्याबद्दल. सुभद्राकुमारींनी भार मोजला नाही. त्यांनी घरात जे अन्याय्य मानले ते बाहेर खपवून घेतले नाही, आणि बाहेर ज्याविरुद्ध बोलल्या ते घरात शिरू दिले नाही. मला या आयुष्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे.

याची किंमत त्यांनी आणि त्यांच्या घराने मोजली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. घरात पैशाची ओढाताण कायम होती. नवराबायको दोघेही तुरुंगात गेले की थोरल्या मुलांनी धाकट्यांकडे पाहायचे. कवितेच्या वाट्याचा किती वेळ सभांनी, फेऱ्यांनी, आजारपणांनी घेतला याचा हिशेब कुणी करू शकणार नाही. त्यांना देवी करून ठेवले तर ही किंमत झाकली जाते. मग आपल्या घरातल्या बाईकडूनही तेवढीच अपेक्षा करायला आपण मोकळे होतो. शिवाय एक गोष्ट विसरून चालणार नाही. पडदा सोडताना, तुरुंगात जाताना, मुलीच्या लग्नात लक्ष्मणसिंह सोबत होते. तेही तुरुंगात गेले होते. बाईच्या सार्वजनिक कामाची चर्चा करताना तिच्या घरातल्या पुरुषाने काय केले, हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. आपल्या मराठीला स्त्रियांच्या आत्मकथनांची मोठी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 मध्ये आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' ही तर सुभद्राकुमारींच्या हयातीतली पुस्तके. या बायकांनी चूल, बाळंतपणे, वाद, समाजकार्य सगळे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले, म्हणून आज आपण त्यांच्याशी बोलू शकतो. सुभद्राकुमारींनी आत्मचरित्र लिहिले नाही. वेळ मिळाला नाही आणि आयुष्यही पुरले नाही. त्यांचे घरगुती रूप उरले ते लेक सुधा चौहान यांनी आईवडिलांविषयी लिहिलेल्या 'मिला तेज से तेज' या पुस्तकात आणि महादेवींच्या आठवणींत. एक लेक आणि एक मैत्रीण लिहित्या नसत्या, तर ती भाजलेली डाळ, तो कन्यादानाचा नकार आणि कुंपणाबाहेर थांबलेली ती आमदार बाई, यांतले काहीच आपल्यापर्यंत आले नसते.

सरकारी स्मरण झाले, ते योग्यच झाले. जबलपूर महापालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि 27 नोव्हेंबर 1949 ला त्याचे अनावरण महादेवींनीच केले. 1976 मध्ये टपाल तिकीट निघाले. 2006 मध्ये तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला त्यांचे नाव मिळाले. पण पुतळा आणि तिकीट कवयित्रीचे आहे, सत्याग्रहीचे आहे. अंगण सारवणाऱ्या, वस्तीत जाऊन बसणाऱ्या, पाच मुलांच्या आईचे स्मारक शब्दांचेच असू शकते. पुढची पाने म्हणजे मराठीतला तसा एक प्रयत्न आहे.

आणि म्हणून वाचकाकडे एक मागणे. सुभद्राकुमारींबरोबर पायी चालत गेलेल्या त्या शेकडो बायकांपैकी एकीचेही नाव मला ठाऊक नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक महिला मंडळात, दवाखान्याच्या आवारात, रात्रशाळेत, पुराच्या छावणीत, घरचे उरकून येणाऱ्या आणि काम करून न बोलता परतणाऱ्या अशा बायका असतात. त्यांपैकी एखादी तुमची आई असेल, सासू असेल, शेजारीण असेल. हे पुस्तक वाचून झाल्यावर तिच्याजवळ बसा, तिला विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. सुभद्राकुमारींना सुधा मिळाली. बाकीच्यांना ती मिळवून देणे आपल्या हातात आहे.